नकाशावर काही नाही म्हणजे तिथे काही नव्हतं का?

मागच्या महिन्यात घरी जेवायच्या वेळी माझ्या भाचीचं आणि माझ्या एका जुन्या मित्राचं जुंपलं. मित्र वीसेक वर्षं ह्यूस्टनला तेलाच्या धंद्यात आहे, सुट्टीवर आला होता, आणि भाची पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करतेय, तेव्हा जुंपणारच होतं. गंमत अशी की दोघांनी पुरावा म्हणून एकच कागद पुढे केला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा, म्हणजे यूएसजीएसचा, १९५५ सालचा अलास्काच्या उत्तर किनाऱ्याचा टोपो (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा) नकाशा, शीटचं नाव बीची पॉइंट, स्केल १:२,५०,०००. खात्यानं जुनी शीट स्कॅन करून फुकट ठेवलीत, कोणीही डाउनलोड करू शकतं. याच शीटवर जो किनारा दिसतो तिथे १९६८ साली प्रुडो बेचं तेल सापडलं, त्या देशाला तोवर सापडलेलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र. भाची म्हणाली, "मामा बघ, इथे काही म्हणजे काहीच नव्हतं, किती अस्पर्श होतं सगळं, आणि आता बघ, रस्ते, पाइप, एअरस्ट्रिप." मित्र म्हणाला, "अगं मी पण तेच म्हणतोय ना, काहीच नव्हतं, मग बिघडलं कोणाचं?" बायको म्हणाली, आधी आमटी घ्या, गार होतेय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोघंही चुकतायत, आणि एकाच जागी चुकतायत. कागद कोरा आहे म्हणजे जमीन रिकामी होती हे दोघांनी न तपासता धरून चाललंय, आणि मग भांडण उरतं ते एवढंच की रिकामी म्हणून जपायची की रिकामी म्हणून खणायची. हे फक्त आमच्या जेवणाच्या टेबलावर झालं असतं तर लिहायला बसलो नसतो. पण अमेरिकेत याच किनाऱ्याच्या पूर्वेकडच्या आर्क्टिक अभयारण्यात तेल काढायचं की नाही हा वाद गेली चाळीसेक वर्षं बऱ्याचदा असाच चालतो. २००३ साली तिथल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या मंत्री गेल नॉर्टन यांनी संसदेच्या समितीपुढे त्या किनारपट्टीचं वर्णन सपाट, पांढरं, 'काहीच नसलेलं' अशा अर्थाच्या शब्दांत केलं होतं. पलीकडची बाजू याला उत्तर काय देते? तर अस्वलं, कॅरिबू (तिकडचे रानटी रेनडियर), फुलं असलेले सुंदर फोटो, ज्यात माणूस शोधून सापडत नाही. आता मला सांगा, हे उत्तर झालं का? एकानं 'काही नाही' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'काही नाही, पण किती सुंदर' म्हटलं.

तो नकाशा मी नंतर कोपऱ्यावरच्या प्लॉटरवाल्याकडून मोठा छापून आणला आणि भिंतीला लावला. बघण्यासारखा आहे खरंच. वरचा अर्धा भाग समुद्राचा निळा, खाली जमीन, पण जमिनीवर इतकी तळी की चाळणीवर पाणी सांडल्यासारखं दिसतं, आणि त्यातल्या बहुतेकांना नावच नाही. कंटूर रेषा इतक्या विरळ की आपल्या सह्याद्रीच्या शीटची सवय असलेल्या माणसाला वाटावं छापायच्या राहिल्यात. सागावानिर्क्टोक नदी (तिथले लोक नुसतं 'सॅग' म्हणतात) दक्षिणेकडून वेणी सुटावी तशी पसरत येते, आणि किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात वाळूच्या बेटांची तुटक माळ. माझे सासरे बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "गावं कुठायत?" बरोबर प्रश्न विचारला त्यांनी, बाकी सगळ्यांनी तो विचारायच्या आधीच उत्तर देऊन टाकलं होतं.

आता या शीटवरची नावं बघा. प्रुडो हे नाव इंग्रज दर्यावर्दी जॉन फ्रँकलिननं १८२६ साली दिलं, इंग्लंडमधल्या आपल्या ओळखीच्या एका लॉर्डवरून. बीची पॉइंट हे नाव कॅप्टन बीचीवरून, जो पश्चिमेकडून जहाजानं येऊन फ्रँकलिनला भेटणार होता, पण फ्रँकलिन धुक्याला आणि बर्फाला कंटाळून मागे फिरला आणि दोघांच्या तुकड्यांमध्ये सुमारे १६० मैल राहिले ते राहिलेच. म्हणजे ज्याच्या नावाची जागा आहे तो तिथवर पोचलाच नाही! आणि त्याच शीटवर सागावानिर्क्टोक, कुपारुक ही नावं पण आहेत, जी कुठल्या लॉर्डची नाहीत, तिथल्या मूळच्या इन्युपियाट लोकांच्या भाषेतली आहेत. एक साधा प्रश्न. जिथे कोणी नव्हतं तिथल्या नदीला स्थानिक भाषेतलं नाव कुठून आलं? नदीनं स्वतःच सांगितलं का? भाचीनं आणि मित्रानं दोघांनीही ही नावं बोटानं दाखवून मोठ्यानं वाचली होती, अडखळत, हसत, आणि तरी 'काही नव्हतं' म्हणाले.

इथे दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मान्य करायला हवा. नकाशा खोटं बोलत नाही. तो बनवणाऱ्यांनी जमिनीचा उंचसखलपणा, पाणी, आणि कायमची बांधकामं दाखवायची असं ठरवलं होतं आणि ते काम त्यांनी चोख केलं. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून हे नकाशे काढले गेले, तिथला उन्हाळा एवढासा, त्यात ढग आणि धुकं नसलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, अशा फोटोंमधून नदीकाठच्या मासेमारीच्या तंबूंची नोंद करा असं म्हणणं जरा जास्तच आहे. तंबू आज इथे, पंधरा दिवसांनी तिथे. नकाशाच्या नियमात तो बसतच नाही. म्हणून सर्व्हेवाल्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. पण मग त्यांनी जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचं उत्तर त्यांच्या कागदातून काढण्यात तरी काय अर्थ आहे? थर्मामीटर वाचून कोणी वजन सांगतं का?

अजून एक गोष्ट जी या वादात कोणीच काढत नाही. हा नकाशा 'उद्योग येण्याआधीचा' म्हणून फिरवला जातो, पण तो तितकासा आधीचा नाही. या किनाऱ्याच्या पश्चिमेला अमेरिकेनं १९२३ सालीच नौदलासाठी तेलाचा राखीव प्रदेश जाहीर केला होता, सुमारे सव्वादोन कोटी एकर. १९४४ ते १९५३ नौदलानं तिथे विहिरी पाडून तेल शोधलं, त्या काळात टुंड्रावरून, म्हणजे तिथल्या बिनझाडांच्या गोठलेल्या जमिनीवरून, गेलेल्या गाड्यांचे चर पुढे कित्येक दशकं तसेच दिसत राहिले कारण खालचा बर्फ एकदा उघडा पडला की वितळून खचत जातो, जखम भरायच्या ऐवजी मोठी होते. आणि १९५४ ते ५७ या काळात, म्हणजे नकाशा छापला गेला त्याच सुमाराला, सोव्हिएत विमानांवर नजर ठेवायला याच किनाऱ्यावर डीईडब्ल्यू लाइनची रडार स्टेशनं उभी राहत होती. असा नकाशा शीतयुद्ध नसतं आणि तेलाची आशा नसती तर त्या काळात निघाला असता का? मला नाही वाटत. नकाशा हा त्या सगळ्या कारभाराच्या आधीचा निरागस फोटो म्हणून दाखवणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीच्या हळदीचा फोटो दाखवून 'बघा, तेव्हा कुठे लग्नाची तयारी होती' म्हणण्यासारखं आहे.

मित्राचा सगळ्यात पक्का मुद्दा लोकसंख्येचा होता. तो म्हणाला, बाबा रे, भावनिक होऊ नकोस, आकडे बघ. आकडे खरे आहेत. आजचा नॉर्थ स्लोप बरो, म्हणजे तिथलं जिल्ह्यासारखं स्थानिक सरकार, क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या जवळजवळ ८० टक्के, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं सुमारे ११ हजार, त्यातही तेलाच्या कॅम्पवरचे कामगार धरून. आपल्याकडे एका मोठ्या हाउसिंग कॉम्प्लेक्समध्ये याहून जास्त लोक राहतात. पण विरळ आणि रिकामं यातला फरक शब्दांचा खेळ नाही. जिथे शेती होत नाही तिथे एका कुटुंबाला जगायला किती मैल लागतात हा हिशोब आपल्या गुंठ्यांच्या डोक्यात बसत नाही. वसंतात व्हेल, उन्हाळ्यात मासे, मग कॅरिबू, मग सापळे, प्रत्येकाची जागा वेगळी आणि प्रत्येक जागा दर वर्षी लागतेच. वर्षातले दहा महिने मोकळी दिसणारी जागा उरलेल्या दोन महिन्यांसाठी राखलेली असते, आपल्या लग्नाच्या हॉलसारखी, मंगळवारी दुपारी गेलं तर कुत्रं पण नसतं.

याचा सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे याच किनाऱ्याचा पहिला खरा नकाशा काढणारा माणूस, अर्नेस्ट लेफिंगवेल. १९०६ साली तो एका मोहिमेबरोबर आला, 'डचेस ऑफ बेडफर्ड' नावाचं त्यांचं जहाज बर्फानं निकामी केलं, तर त्याच्याच लाकडातून त्यांनी फ्लॅक्समन बेटावर झोपडी बांधली. बाकीचे परत गेले, हा मात्र येत राहिला, १९१४ पर्यंत नऊ उन्हाळे आणि सहा हिवाळे, बराचसा खर्च स्वतःचा. कुत्र्यांच्या स्लेजनं आणि छोट्या बोटीनं फिरत, थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) लावून लावून त्यानं किनारा मोजला. जमिनीतल्या बर्फाच्या पाचरी कशा तयार होतात, ज्यामुळे टुंड्रावर फरशीसारखे बहुकोन दिसतात, ते पहिल्यांदा नीट त्यानं सांगितलं. १९१९ मध्ये यूएसजीएसनं त्याचा अहवाल छापला, आणि त्यात इन्युपियाट लोकांकडून मिळालेली नावं आहेत. पायी आणि स्लेजनं फिरणाऱ्या माणसाला तिथली माणसं भेटली, नावं भेटली. चाळीस वर्षांनी वरून विमानानं गेलेल्या कॅमेऱ्याला ती भेटली नाहीत. माणसं गेली होती की बघणारा उंच गेला होता?

आणि लेफिंगवेलच्या गोष्टीत मला जास्त आवडणारा तुकडा पुढचा आहे. त्यानं पूर्वेकडच्या सॅडलरोचिट डोंगरांतल्या खडकांच्या थराला त्या डोंगरांचंच नाव दिलं, सॅडलरोचिट सँडस्टोन, आणि डोंगरांचं नाव इन्युपियाट लोकांच्या इन्युपियाक भाषेतलं. १९६८ ला प्रुडो बेला तेल लागलं ते मुख्यतः कुठल्या थरात? सॅडलरोचिटमध्येच. म्हणजे 'काहीच नव्हतं' त्या जागेतून तेल काढणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या रोजच्या रिपोर्टमध्ये तिथल्या लोकांचा शब्द होता. मित्राला विचारलं तर म्हणाला, हो, सॅडलरोचिट माहितीय की, पण ते कुठल्या तरी जिऑलॉजिस्टचं आडनाव असेल असं वाटलं होतं. लेफिंगवेल १९७१ पर्यंत जगला, ९६ वर्षांचा होऊन गेला, तेल सापडल्याची बातमी त्याच्या हयातीतली आहे.

'रिकामं आहे' हे वाक्य नुसतं वर्णन म्हणून राहत नाही, त्यावरून निर्णय होतात, हे मी उगाच म्हणत नाहीये. याच किनाऱ्यावर पूर्वेला बार्टर बेटावर काक्टोविक गाव आहे. १९४७ साली अमेरिकन हवाई दलाला धावपट्टी हवी होती, गाव हलवायला लावलं, आणि नंतरच्या वर्षांत पुन्हा हलवलं, असं १९६४ पर्यंत चाललं. मग नकाशावर काय येणार? धावपट्टी. १९५८ साली तर याहून पुढची गोष्ट. हायड्रोजन बॉम्बवाले एडवर्ड टेलर यांनी पश्चिमेकडच्या केप थॉम्पसनला अणुस्फोटांनी बंदर खोदायची योजना मांडली, प्रोजेक्ट चॅरिअट. कारण काय, तर दुर्गम किनारा आहे, तिथे कोणाला त्रास होणार? पन्नासेक किलोमीटरवर पॉइंट होप नावाचं गाव होतं, उत्तर अमेरिकेत सलग वस्ती असलेल्या सगळ्यात जुन्या जागांपैकी एक. गावच्या कौन्सिलनं एकमतानं विरोध केला, १९६१ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष केनेडींना पत्र लिहिलं, आणि १९६२ ला योजना गुंडाळावी लागली. त्याच वर्षी 'टुंड्रा टाइम्स' हे पेपर सुरू झालं, संपादक हॉवर्ड रॉक पॉइंट होपचेच. समजा तेव्हा गावकऱ्यांनी विरोध करताना 'आमचा अस्पर्श निसर्ग वाचवा' एवढंच म्हटलं असतं तर? त्यांनी तसं म्हटलं नाही, आम्ही इथे शिकार करतो, आमची माणसं या भागात फिरतात, हे म्हटलं, म्हणून त्यांचं म्हणणं टाळता आलं नाही.

नकाशा काढणं ही फक्त सर्व्हे खात्याची कला असाही एक समज या वादात दडलेला असतो. १८२२ साली कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये अडकलेल्या कॅप्टन पॅरीला इलिग्लिउक नावाच्या इनुइट बाईनं पुढच्या किनाऱ्याचा नकाशा काढून दिला, त्यातून त्याला पलीकडच्या सामुद्रधुनीचा पत्ता लागला, आणि सामुद्रधुनीला नाव कोणाचं मिळालं? त्याच्या दोन जहाजांचं. पूर्व ग्रीनलंडमध्ये कुनित नावाच्या माणसानं १८८० च्या दशकात डॅनिश अधिकारी गुस्ताव होल्मला लाकडात कोरलेले किनाऱ्याचे नकाशे दिले, बोटांनी चाचपून खाचाखोचा कळतील असे. आणि १९७० च्या दशकात कॅनडात हजारभराहून जास्त इनुइट शिकाऱ्यांना सरकारी टोपो शीट समोर ठेवून विचारलं गेलं की तुम्ही आयुष्यात कुठे कुठे गेलात, कुठे काय मारलंत, कुठे तळ टाकलात, ते पेननं काढा. तीच कोरी शीट रेघांनी भरून गेली. १९७६ ला ते छापलं गेलं, जमिनीच्या दाव्याला त्याचा आधार झाला, आणि पुढे १९९९ ला नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला. कागद तोच, फक्त विचारलं कोणाला ते बदललं.

आपल्याला हे कळायला फार लांब जायला नको, म्हणून थोडं विषयांतर. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी एक इंचाला एक मैलाची शीटं, १:६३,३६० वाली, अलास्कातही त्याच स्केलची मालिका आहे. आपल्या शीटवर वाडी-वस्ती, विहीर, देऊळ, सगळं असतं, कारण इंग्रजांना शेतसारा वसूल करायचा होता आणि सारा भरणारा माणूस एका जागी असतो. पण मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारा धनगर त्या शीटवर कुठे आहे? त्याची वाट, त्याचा दर वर्षीचा तळ, ज्या शेतात मेंढ्या बसवायचं वर्षानुवर्षं ठरलेलं असतं ते शेत, काहीच नाही. महसुलाच्या भाषेत ती जागा पडीक. मग त्यावर कुंपण आलं की आपण म्हणतो पडीक जमीन उपयोगात आली. मी स्वतः काही वर्षं जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं, काम केलंय आणि एका ऑफिससाठी असे 'वापरात नसलेले' पट्टे पिवळ्या रंगानं भरलेत, तेव्हा एकदाही मनात आलं नाही की कोणाला विचारावं. असो.

मित्राचा दुसरा मुद्दा जास्त अवघड होता, आणि तो भाचीला झेपला नाही. तो म्हणाला, अरे तिथल्या लोकांनाच तेल हवंय, तू कोण बोलणारा? बऱ्याच अंशी खरं आहे. नॉर्थ स्लोप बरोच्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या लाइनी, फायर ब्रिगेड हे सगळं मुख्यतः तेल कंपन्यांच्या मालमत्तेवरच्या करातून उभं राहिलं. काक्टोविकच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी अभयारण्यात तेल काढायला पाठिंबा दिलाय, आणि विरोधात ठामपणे उभे आहेत ते दक्षिणेकडचे ग्विचिन लोक, तेही तिथले मूळनिवासीच, कारण त्यांचं जगणं ज्या पोर्क्युपाइन कॅरिबू कळपावर आहे तो कळप त्याच किनारपट्टीवर व्यायला येतो. म्हणजे 'मूळनिवासी विरुद्ध तेल' असं सरळ चित्र काढणाऱ्यांनी जरा थांबावं, त्यात मी पण आलो.

पण हा कर बरोला मिळाला कसा, ते बघा, तिथेच मित्राचा पहिला मुद्दा त्याच्या दुसऱ्या मुद्द्यावर आपटतो. जमीन रिकामी नाही, आमची आहे, असा दावा अलास्काच्या मूळच्या लोकांनी लावून धरला म्हणून १९६६ साली मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी तिथल्या सरकारी जमिनींचं वाटप थांबवून ठेवलं. तेल सापडलं, पण ८०० मैलांची पाइपलाइन टाकायची तर दावा मिटल्याशिवाय पुढे जाता येईना. मग १९७१ चा कायदा झाला, ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर, आणि तोही व्यवहार उत्तर किनाऱ्याच्या प्रतिनिधींना कमीच वाटला, त्यांनी विरोधात मत टाकलं होतं. १९७२ ला त्यांनी बरो स्थापन केला, एबेन हॉप्सन पहिले महापौर, म्हणजे तेलक्षेत्रावर कर लावायचा अधिकार हातात. तेल कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १९७४ ला अलास्काच्या सुप्रीम कोर्टानं बरोच्या बाजूनं निकाल दिला. आता सांगा, 'काहीच नव्हतं' हे मान्य करून बसले असते तर यातलं काय मिळालं असतं? तेलाचा फायदा तिथल्या लोकांना झाला हे ज्याला सांगायचंय त्याला आधी जमीन रिकामी नव्हती हे म्हणावं लागेल, दोन्ही एकदम म्हणता येणार नाही.

भाचीची बाजूही तशीच तपासायला हवी, माझी सहानुभूती तिच्याकडे आहे म्हणून जरा जास्तच. अस्पर्श निसर्गाच्या कल्पनेनं काही केलंच नाही असं नाही, १९६० ला आर्क्टिक वन्यजीव क्षेत्र राखीव झालं ते याच कल्पनेच्या जोरावर, आणि ते झालं नसतं तर वाद घालायला आज काही उरलंच नसतं. हे मोठं यश आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण १९६४ च्या अमेरिकन कायद्यात अशा रानाची व्याख्या काय आहे? जिथे माणूस पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही. पिढ्यानपिढ्या तिथे मुक्कामाला असलेल्या माणसाला हे वाचून दाखवा बघू. आणि व्यवहारातही हा युक्तिवाद दुबळा आहे, कारण एकदा एक रस्ता झाला की 'अस्पर्श' संपलं, मग दुसऱ्या रस्त्याला विरोध कशाच्या आधारे करणार? त्यापेक्षा क्रॉस आयलंडचं उदाहरण घ्या, माझ्या भिंतीवरच्या शीटवर प्रुडो बेसमोर समुद्रात ते बारीकसं बेट आहे. नुइक्सुत गावचे लोक दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी शे-दीडशे किलोमीटर बोटीनं येऊन त्या बेटावर तळ टाकतात आणि बोहेड व्हेलची शिकार करतात, आजही, तेलक्षेत्राच्या नाकासमोर. त्यांनी आणि कंपन्यांनी बसून शिकारीच्या काळात कुठली जहाजं कुठून जायची, आवाज कधी करायचा नाही, याचे लेखी करार केलेत. इथे 'अस्पर्श' शब्दाची गरजच पडत नाही. व्हेल आवाजानं दूर समुद्रात जातात, मग छोट्या बोटींना धोका वाढतो, हे कोर्टात, मीटिंगमध्ये, कुठेही मांडता येतं आणि त्यावर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

मग जुना नकाशा फेकून द्यायचा का? अजिबात नाही. त्यानं जे मोजलंय त्यासाठी तो सोन्यासारखा आहे, आणि त्यानं मोजलाय तो किनारा. अलास्काच्या उत्तर किनाऱ्याचे १९४० च्या दशकातले जुने किनारा-नकाशे आणि अलीकडची चित्रं शेजारी ठेवून यूएसजीएसनंच काढलंय की तो किनारा सरासरी वर्षाला १.४ मीटर मागे सरकतोय, काही ठिकाणी याच्या दहापट वेगानं. जमीन बर्फानं धरलेली, समुद्रावरचं बर्फाचं कवच आता जास्त काळ गायब, लाटा खालून पोखरतात आणि कडा घराएवढ्या तुकड्यांनी कोसळते. नौदलाच्या जुन्या राखीव प्रदेशात १९७९ ला खोदलेल्या एका चाचणी विहिरीपर्यंत २००४ मध्ये समुद्र येऊन पोचला आणि खोदकामाचा गाळ साठवलेला खड्डा फोडून गेला. ही खरी आधी-नंतरची तुलना. पण इथेही स्केलचं भान ठेवा. १.४ मीटर गुणिले ७० वर्षं म्हणजे ९८ मीटर, ते १:२०,००० च्या किनारा-नकाशावर सुमारे ५ मिलिमीटर, एक इंचाच्या शीटवर दीड, आणि भाचीनं मोबाइलवर बोटांनी मोठं करून दाखवलेल्या बीची पॉइंटच्या शीटवर अर्धा मिलिमीटरही नाही. ज्या नकाशात खरं नुकसान दिसतच नाही तो नुकसानीचा पुरावा म्हणून फिरतोय.

दरम्यान जानेवारी २०२५ पर्यंत अभयारण्याचं काय झालं तर २०२१ च्या जानेवारीत तिथल्या जमिनीचा पहिला लिलाव झाला, सगळे मिळून दीड कोटी डॉलरसुद्धा आले नाहीत आणि बहुतेक बोली अलास्का राज्याच्याच एका संस्थेच्या होत्या, नंतरच्या सरकारनं २०२३ ला त्या संस्थेचे पट्टे रद्द केले, आणि जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. भाची म्हणते बघा, कोणाला नकोय. मित्र म्हणतो भाव आणि राजकारण बदलू दे, मग बघ. दोघांचंही बरोबर असू शकतं. हा निर्णय कसा व्हावा यावर माझं म्हणणं एवढंच की टेबलावर १९५५ चं शीट ठेवायचं असेल तर त्याच्या शेजारी बरोनं १९७० च्या दशकापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून केलेली जागांची यादी पण ठेवा, जुनी घरं, कबरी, मासेमारीचे तळ, जमिनीत खोदलेली बर्फाची तळघरं, सगळं जागेसकट नोंदवलेलं आहे त्यात. मग वाद घाला. मला स्वतःला नव्या विहिरी नको वाटतात, पण ते मत मला काक्टोविकच्या माणसाच्या डोळ्यात बघून मांडता आलं पाहिजे, आणि कोऱ्या कागदाकडे बोट दाखवून ते मांडता येत नाही.

भाची परवा पुन्हा आली होती. मी तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं भर तो नकाशा, जेवढं सापडेल तेवढं. क्रॉस आयलंडवर तिनं बारीक अक्षरात 'व्हेल, ऑगस्ट-सप्टेंबर' लिहिलं. मग कोलव्हिल नदीच्या मुखाशी निग्लिक लिहायचं होतं, जिथे समुद्राकडचे आणि डोंगराकडचे लोक उन्हाळ्यात जमून व्हेलचं तेल देऊन कॅरिबूची कातडी घ्यायचे, मोठा बाजार भरायचा. शोधलं तर ती जागा शीटच्या डाव्या कडेच्या बाहेर निघाली, हॅरिसन बे नावाच्या पुढच्या शीटवर. प्लॉटरवाल्याला फोन केला, तो म्हणाला शनिवारी या, आणि मग विचारलं, "साहेब, तसलंच रिकामं-रिकामं का?"